सैनिकांची स्मृती आणि महामार्ग : अमेरिकेतील एका स्मारकपरंपरेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

युद्धात कामी आलेल्यांची स्मृती वाटेच्या कडेला जपून ठेवण्याची प्रथा महाराष्ट्राला अपरिचित नाही. गावाच्या वेशीवर किंवा देवळाच्या आवारात उभे असलेले वीरगळ हे या प्रथेचे सर्वज्ञात रूप होय. वीरगळाच्या खालच्या चौकटीत वीराला मरण कसे आले ते कोरलेले असते, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गलोकी नेताना दिसतात आणि वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करीत असतो. पायी जाणारा वाटसरू क्षणभर थांबून ही कथा पाहू शकत असे. विसाव्या शतकात मोटारगाडी आली आणि रस्त्यावरून जाण्याची रीतच पालटली. अमेरिकेत तर स्मारक रस्त्याच्या कडेला राहिले नाही; शेकडो मैल लांबीचा रस्ता हाच स्मारक म्हणून घोषित होऊ लागला.

प्रस्तुत लेखात या परंपरेचा मागोवा घेतला आहे. महामार्गाला सैनिकांचे नाव देण्याची मागणी कोणी केली, निर्णय कोणी घेतला, खर्च कोणी उचलला आणि ज्यांच्या नावे हे घडले त्या जखमी व मृत सैनिकांच्या वाट्याला प्रत्यक्षात काय आले, असे चार प्रश्न येथे विचारात घेतले आहेत. या प्रश्नांची उत्तरे शोधताना असे आढळून येते की, सैनिकाचा सन्मान आणि सैनिकाविषयीचे दायित्व या दोन गोष्टी इतिहासात नेहमी बरोबरीने चाललेल्या नाहीत. कित्येकदा सन्मान पुढे गेला आणि दायित्व मागे राहिले.

क्रमांकांपूर्वीची नावे

अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या रस्त्यांना प्रारंभी क्रमांक नव्हते, नावे होती. ही नावे खाजगी मंडळांनी दिलेली असत. न्यू यॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को असा ‘लिंकन हायवे’ १९१३ मध्ये समर्पित करण्यात आला. त्याच वर्षी ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ या दक्षिणेतील महिलांच्या संघटनेने ‘जेफरसन डेव्हिस हायवे’ची योजना मांडली. यादवी युद्धात (१८६१–६५) अब्राहम लिंकन हे संघराज्याचे, तर जेफरसन डेव्हिस हे फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचे अध्यक्ष होते. युद्ध संपून जवळजवळ अर्धे शतक लोटल्यावर त्याच संघर्षातील दोन्ही पक्ष देशाच्या नकाशावर आपापली रेघ ओढू पाहत होते, ही बाब लक्षणीय आहे. रस्त्याचे नाव हे प्रथमपासूनच स्मृतीवरील हक्काचे साधन होते.

नावांची ही गर्दी वाहनचालकांना गोंधळात टाकू लागली. तेव्हा ११ नोव्हेंबर १९२६ रोजी देशभरातील प्रमुख मार्गांसाठी क्रमांकपद्धती स्वीकारण्यात आली. योगायोगाने तो पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामाचा स्मृतिदिन होता. क्रमांक आल्यामुळे नावाचे व्यावहारिक काम संपले. वाट दाखविण्यासाठी आता नावाची गरज उरली नाही. मात्र यामुळेच नाव केवळ स्मृतीसाठी मोकळे झाले. पुढील काळातील सर्व स्मारक-महामार्ग हे क्रमांक असलेल्या रस्त्यांना दिलेले दुसरे, मानाचे नाव आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

याचे पहिले मोठे उदाहरण म्हणजे ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक हायवे’. यादवी युद्धात संघराज्याच्या बाजूने लढलेल्या सैनिकांची ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ ही संघटना १८६६ मध्ये स्थापन झाली. १८९० च्या सुमारास तिची सदस्यसंख्या चार लाखांवर होती आणि निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावर तिचा राजकीय दबाव मोठा होता. १८९० च्या निवृत्तिवेतन कायद्यामागे हे बळ उभे होते. या संघटनेचे नाव ‘यू. एस. रूट ६’ या मार्गाला द्यावे, ही कल्पना मात्र १९३४ मध्ये विल्यम अँडरसन या लष्करी अधिकाऱ्याने मांडली. मॅसॅच्युसेट्स राज्याने ती १९३७ मध्ये स्वीकारली. त्यानंतर एकेक राज्य करीत १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे समर्पणसोहळा झाला. तोपर्यंत त्या सैन्यातील जवळजवळ कोणीच हयात नव्हते. संघटनेचे अखेरचे सदस्य आल्बर्ट वूलसन यांचे १९५६ मध्ये निधन झाले आणि संघटना विसर्जित झाली. येथे क्रम नीट पाहावा : या पिढीला निवृत्तिवेतन आधी मिळाले, रस्ता नंतर. पुढच्या पिढीच्या बाबतीत हा क्रम असाच राहिला नाही.

१९३२ : एकाच वर्षातील दोन घटना

जखमी सैनिकाच्या सन्मानाचा इतिहास १९३२ या वर्षाशी निगडित आहे. तत्पूर्वी दीडशे वर्षे, ७ ऑगस्ट १७८२ रोजी, जॉर्ज वॉशिंग्टन यांनी न्यूबर्ग येथील छावणीतून सामान्य सैनिकांसाठी एक गुणचिन्ह जाहीर केले होते. जांभळ्या कापडाचे हृदयाच्या आकाराचे हे चिन्ह छातीवर लावायचे असे. ते धारण करणाऱ्यास पहारेकऱ्यांनी न अडवता जाऊ द्यावे, असाही आदेश होता. म्हणजे या सन्मानाच्या मुळाशीच ‘मोकळी वाट’ हा अधिकार होता. हे चिन्ह मिळाल्याची नोंद असलेले सैनिक अवघे तीन आहेत. पुढे ते विस्मृतीत गेले.

२२ फेब्रुवारी १९३२ रोजी, वॉशिंग्टन यांच्या जन्माच्या द्विशताब्दीचे औचित्य साधून, सेनाप्रमुख जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या पुढाकाराने हे चिन्ह ‘पर्पल हार्ट’ पदकाच्या रूपाने पुनरुज्जीवित करण्यात आले. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्यांना त्यासाठी अर्ज करता येऊ लागला. १९४२ मध्ये नियम बदलून ते मरणोत्तरही देण्यात येऊ लागले. शत्रूच्या कारवाईत जखम किंवा मृत्यू हाच त्याचा निकष ठरला. हे पदक शौर्यासाठी नाही, सोसलेल्या घावासाठी आहे. अन्य पदकांपासून त्याचे वेगळेपण यातच आहे.

याच वर्षीच्या उन्हाळ्यात पहिल्या महायुद्धातील हजारो माजी सैनिक राजधानी वॉशिंग्टनमध्ये जमले. १९२४ च्या कायद्याने त्यांना युद्धसेवेचा जादा मोबदला मंजूर झाला होता. परंतु तो १९४५ मध्ये मिळणार होता. महामंदीने बेकार झालेल्या या लोकांनी तो तत्काळ मागितला. ‘बोनस आर्मी’ या नावाने हे आंदोलन ओळखले जाते. २८ जुलै १९३२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दोन माजी सैनिक मारले गेले. त्यानंतर घोडदळ, रणगाडे व अश्रुधूर यांच्या साहाय्याने उरलेल्यांना हुसकावून लावण्यात आले आणि त्यांच्या झोपड्या जळाल्या. या कारवाईचे नेतृत्व जनरल मॅकआर्थर यांच्याकडेच होते. फेब्रुवारीत ज्यांना पदक देऊ केले, त्याच पिढीला जुलैत रस्त्यावरून हाकलले गेले. एकाच व्यक्तीच्या हातून पाच महिन्यांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटना सन्मान व दायित्व यांतील दरी स्पष्ट करतात.

फ्लोरिडातील रस्ता आणि १९३५ चे वादळ

या कथेचा पुढचा भाग एका महामार्गावरच घडला. बेकार माजी सैनिकांसाठी संघीय मदतयोजनेतून फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाकडील बेटांवर कामाच्या छावण्या उघडण्यात आल्या. बोनस आर्मीतील अनेक जण तेथे गेले. बेटे जोडणाऱ्या महामार्गाचे पूल बांधणे हे त्यांचे काम होते. राहण्यासाठी तंबू व हलक्या लाकडी झोपड्या होत्या. २ सप्टेंबर १९३५ रोजी, ‘लेबर डे’च्या दिवशी, अमेरिकेच्या इतिहासातील अत्यंत तीव्र चक्रीवादळांपैकी एक या बेटांवर आदळले. छावण्या रिकाम्या करण्यासाठी मायामीहून आगगाडी मागविण्यास उशीर झाला. ती इस्लामोराडा येथे पोहोचली तेव्हा समुद्राच्या लाटेने इंजिन वगळता सर्व डबे उलथून टाकले. चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत सुमारे अडीचशे माजी सैनिक होते. त्या वेळी जवळच की वेस्ट येथे राहणारे कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी घटनास्थळी जाऊन आल्यावर या मृत्यूंना जबाबदार कोण, असा उघड सवाल करणारा लेख प्रसिद्ध केला.

१४ नोव्हेंबर १९३७ रोजी इस्लामोराडा येथे या मृतांचे स्मारक खुले झाले. त्याच्या तळघरात मृतांची रक्षा आहे. वादळाने रेल्वेमार्ग उद्ध्वस्त केला होता. त्याचे पूल व भराव वापरून १९३८ मध्ये महामार्ग पूर्ण झाला. आज या मार्गाने की वेस्टकडे जाणारा प्रवासी स्मारकाच्या अगदी जवळून जातो. स्मारक-महामार्गांच्या अधिकृत याद्यांत या रस्त्याला विशेष स्थान नाही. परंतु सैनिकांनी स्वतः बांधलेला, बांधता बांधता प्राण गमावलेला आणि त्यांची रक्षा कडेला सांभाळणारा असा दुसरा महामार्ग अमेरिकेत शोधणे कठीण आहे. युद्धातून वाचलेली ही माणसे शत्रूच्या नव्हे, तर स्वकीयांच्या दिरंगाईला बळी पडली. त्यामुळे पर्पल हार्टच्या व्याख्येत त्यांचा मृत्यू बसत नाही. बोनसची रक्कम देण्याचा कायदा त्यानंतर काही महिन्यांनी, जानेवारी १९३६ मध्ये, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा नकाराधिकार डावलून संमत झाला.

झाडांचे स्मारक : ब्लू स्टार महामार्ग

दुसऱ्या महायुद्धात या परंपरेला वेगळे वळण मिळाले. ज्या घरातील व्यक्ती सैन्यात आहे त्या घराच्या खिडकीत निळा तारा असलेला ध्वज लावण्याची रीत १९१७ पासून रूढ होती. ती व्यक्ती मृत्यू पावल्यास निळ्याच्या जागी सोनेरी तारा येई. १९४४ मध्ये न्यू जर्सीतील महिलांच्या उद्यान मंडळांनी या निळ्या ताऱ्याचा आधार घेऊन महामार्ग क्रमांक २२ च्या सुमारे साडेपाच मैलांच्या पट्ट्यात डॉगवुडची आठ हजार झाडे लावली. दगडी स्तंभाऐवजी जिवंत स्मारक असावे, ही त्यांची भूमिका होती. राज्य विधिमंडळाने त्या पट्ट्याला ‘ब्लू स्टार ड्राइव्ह’ असे नाव दिले. १९४५ मध्ये उद्यान मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने हा उपक्रम देशभरासाठी स्वीकारला. पुढे तो केवळ दुसऱ्या महायुद्धातील नव्हे, तर सर्वच सैनिकांसाठी खुला झाला.

या उपक्रमाची दोन वैशिष्ट्ये नोंदवावी लागतात. एक तर, पुढाकार शासनाचा किंवा सैनिकी संघटनेचा नव्हता; तो सैनिकांच्या माता, पत्नी व भगिनींच्या वर्गातून आला होता. दुसरे म्हणजे, नाव देण्यापूर्वी श्रम झाले होते. खड्डे खणणे, रोपे आणणे, ती जगविणे ही कामे आधी झाली आणि विधिमंडळाचा ठराव नंतर आला. कडेच्या जाहिरातफलकांना विरोध करून रस्त्याचे सौंदर्य राखण्याचा हेतूही त्यात होता.

जखमींचा मार्ग : पर्पल हार्ट ट्रेल

युद्धस्मारके बहुधा मृतांची असतात. जखमी होऊन परतलेल्यांना त्यांत जागा नसते. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न ‘मिलिटरी ऑर्डर ऑफ द पर्पल हार्ट’ या संघटनेने केला. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या व १९५८ मध्ये संसदेची सनद मिळालेल्या या संघटनेने १९९२ मध्ये ‘पर्पल हार्ट ट्रेल’ची योजना सुरू केली. व्हर्जिनियातील माउंट व्हर्नन, म्हणजे वॉशिंग्टन यांचे निवासस्थान, हा तिचा प्रारंभबिंदू मानला जातो. हा सलग असा एक रस्ता नाही. निरनिराळ्या राज्यांनी आपापल्या हद्दीतील महामार्ग, पूल किंवा रस्ते यांना हे नाव द्यायचे आणि त्यांतून देशभर एक प्रतीकात्मक मार्ग तयार व्हायचा, अशी कल्पना आहे. चाळीसहून अधिक राज्ये त्यात सहभागी झाली आहेत.

मृत व जखमी यांना एकाच नावाखाली आणणारी ही योजना वैचारिकदृष्ट्या महत्त्वाची आहे. परंतु ‘जखम’ कशाला म्हणावे, हा प्रश्न तिच्यासोबत अपरिहार्यपणे येतो. व्हिएतनाममध्ये १९६२ ते १९७१ या काळात विषारी तणनाशके फवारण्यात आली. त्यांमुळे आजारी पडलेल्या सैनिकांच्या काही व्याधी सेवेतून उद्भवल्याचे मानणारा ‘एजंट ऑरेंज’ कायदा १९९१ मध्ये, म्हणजे ट्रेलच्या आदल्याच वर्षी, झाला. फवारणी थांबल्यानंतर त्याला वीस वर्षे लागली. युद्धोत्तर मानसिक आघाताने ग्रस्त सैनिकांना पर्पल हार्ट देता येणार नाही, असे संरक्षण खात्याने जानेवारी २००९ मध्ये स्पष्ट केले. २०१४ मध्ये माजी सैनिकांच्या शासकीय रुग्णालयांतील प्रतीक्षायाद्या लपविल्या गेल्याचे उघड झाले आणि संबंधित खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना पद सोडावे लागले. छावण्यांतील उघड्या कचराभट्ट्यांच्या धुराने आजारी पडलेल्यांसाठीचा व्यापक कायदा २०२२ मध्ये आला. याच काळात नव्या महामार्गांना जखमींचे नाव देण्याचे ठराव एकामागून एक संमत होत होते. रस्त्याचे नाव मतभेदाशिवाय मिळते. आजाराची दखल घ्यावयास दशके लागतात, हे वास्तव या तारखा शेजारी ठेवल्यावर दिसून येते.

ठराव, खर्च आणि फलक

नाव देण्याची पद्धत बहुतेक राज्यांत सारखीच आहे. संघटना किंवा कुटुंबीय स्थानिक लोकप्रतिनिधीकडे मागणी करतात, विधिमंडळ ठराव करते आणि परिवहन खाते फलक उभारते. कॅलिफोर्नियाच्या ठरावांत फलकांचा खर्च राज्याबाहेरील स्रोतांतून, म्हणजे देणग्यांतून, भागला तरच ते उभारावेत अशी तरतूद नित्याची आहे. वाहतूकचिन्हांविषयीच्या संघीय नियमपुस्तिकेनुसार स्मृतिनामे दिशादर्शक फलकांवर देता येत नाहीत. त्यांचे फलक शक्यतो विश्रांतिस्थळांसारख्या जागी असावेत आणि मुख्य मार्गावर लावावेच लागले तर प्रत्येक दिशेला एकच असावा, अशी अपेक्षा आहे. चालकाचे लक्ष विचलित होऊ नये हे त्यामागील कारण योग्यच आहे. तथापि त्याचा परिणाम असा की, शासन एका हाताने नाव देते आणि दुसऱ्या हाताने ते कमीत कमी दिसेल याची काळजी घेते. टपाल, नकाशा आणि बोलणे यांत क्रमांकच टिकून राहतो.

तरीही ही नावे निष्फळ आहेत असे म्हणता येणार नाही. त्यांच्यावरून होणारे वादच त्यांचे सामर्थ्य सिद्ध करतात. वॉशिंग्टन राज्यातील महामार्ग क्रमांक ९९ शी जेफरसन डेव्हिस यांचे नाव जोडलेले होते. दीर्घ वादानंतर २०१६ मध्ये त्याला विल्यम पी. स्टुअर्ट यांचे नाव देण्यात आले. स्टुअर्ट हे संघराज्याच्या सैन्यात लढलेले कृष्णवर्णीय सैनिक होते व पुढे ते त्याच राज्यात स्थायिक झाले होते. व्हर्जिनियातील आर्लिंग्टन येथेही २०१९ मध्ये डेव्हिस यांचे नाव काढून ‘रिचमंड हायवे’ असे नाव देण्यात आले. गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेल्या राजवटीच्या अध्यक्षाचे नाव जाऊन एका सामान्य सैनिकाचे नाव येण्यास शतक लागले.

एक तुलना : कॅनडातील पूल

या संदर्भात कॅनडाचे उदाहरण उद्बोधक ठरते. अफगाणिस्तानात मृत्यू पावलेल्या कॅनेडियन सैनिकांचे पार्थिव देह ट्रेंटन येथील हवाई तळावर आणले जात व तेथून महामार्ग क्रमांक ४०१ ने सुमारे १७० किलोमीटरवरील टोरांटोला नेले जात. २००२ पासून या मार्गावरील पुलांवर लोक उभे राहू लागले. त्यांत शेतकरी, अग्निशमन दलाचे जवान, शाळकरी मुले असे सर्व थरांतील लोक असत. कोणी आदेश दिला नव्हता. थंडीवाऱ्यात तासन्‌तास थांबून ताफा पुढे जाईपर्यंत ते ध्वज धरून उभे राहत. त्या युद्धात १५८ कॅनेडियन सैनिक कामी आले. या प्रथेची दखल घेऊन ऑन्टॅरिओ प्रांताने २००७ मध्ये मार्गाच्या त्या भागाला ‘हायवे ऑफ हीरोज’ हे नाव दिले. अमेरिकेत याच काळात, १९९१ पासून २००९ पर्यंत, डोव्हर हवाई तळावर येणाऱ्या शवपेट्यांची छायाचित्रे घेण्यास वृत्तमाध्यमांना बंदी होती. एकीकडे मृतांचे आगमन लोकांच्या नजरेआड राहिले, तर दुसरीकडे ते लोकांच्या डोळ्यांसमोरून गेले आणि रस्त्याला नाव मिळाले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. महामार्गाला सैनिकांचे नाव देण्याची कल्पना मार्गदर्शनासाठी असलेल्या नावांतून उगम पावली आणि क्रमांकपद्धतीनंतर ती निव्वळ स्मृतिकार्य बनली. न्यू जर्सीत झाडे लावणाऱ्या स्त्रिया आणि ऑन्टॅरिओच्या पुलांवर उभे राहणारे नागरिक यांनी नावापूर्वी आपला वेळ व श्रम दिले. म्हणून तेथे नाव हे घडलेल्या कृतीची नोंद ठरले. जेथे केवळ ठराव झाला, तेथे नाव फलकापुरते उरले. जखमींना स्मारकात स्थान देणे हे पर्पल हार्ट ट्रेलचे मोलाचे योगदान आहे. पण जखमी माणूस जिवंत असतो, त्याला औषध लागते, निवारा लागतो आणि म्हणूनच त्याच्या बाबतीत सन्मानाने दायित्व फिटत नाही. १९३२ व १९३५ या वर्षांनी हे दाखवून दिले आहे.

वीरगळाच्या खालच्या चौकटीत मृत्यूचे दृश्य कोरण्यास आपले पूर्वज कचरले नाहीत. पूजेचे दृश्य त्यांनी त्याच्या वर ठेवले. महामार्गावरील फलकावर केवळ वरची चौकट असते. खालची चौकट, म्हणजे तो सैनिक कसा जखमी झाला, कसा मेला आणि परतल्यावर त्याला काय मिळाले ही हकीकत, लिहिण्याचे काम इतिहासाच्या अभ्यासकांकडे राहते. इस्लामोराडा येथील स्मारकाजवळून जाणारा रस्ता याची आठवण देत राहतो.